सोयीची तालीम

मॉक ड्रिलची बातमी मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे एकाच साच्यातून निघते. रेल्वे स्थानकावर, मॉलमध्ये किंवा देवस्थानाच्या आवारात अचानक पोलिसांच्या गाड्या येतात, जवान धावत सुटतात, बघ्यांची गर्दी जमते, कुजबुज सुरू होते. आणि शेवटची ओळ ठरलेली असते, 'हे मॉक ड्रिल असल्याचे समजताच नागरिकांनी सुटकेचा निःश्वास सोडला.' आपल्याकडच्या तालमींचे बरेचसे दुखणे या एका वाक्यात आले आहे. ज्यांच्या जिवासाठी हा सगळा खटाटोप, ते नागरिक बातमीत फक्त बघे म्हणून येतात. त्यांना कुठे जायचे नव्हते, कुणाला हाताला धरून न्यायचे नव्हते. निःश्वास सोडला की त्यांचे काम संपले. बातमीत आणखीही एक गोष्ट नसते. रुग्णवाहिका किती मिनिटांत पोचली हे एखादा वार्ताहर लिहितो, पण पोचल्यावर स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळले का, हे कुणी लिहीत नाही, कारण ते पाहायला तिथे कुणी उभेच नसते.

हे पुस्तक अशा तालमींची आखणी कशी करावी आणि त्या पार पडल्यावर त्यांची परीक्षा कशी घ्यावी, याविषयी आहे. गावचे पोलीस पाटील, आशा सेविका, शाळेचे मुख्याध्यापक, गृहनिर्माण संस्थेचे सचिव, नगरपालिकेचे अग्निशमन अधिकारी अशा वाचकांसाठी ते आहे. म्हणजे आपत्तीच्या पहिल्या तासाभरात ज्यांच्या अंगावर सगळे येऊन पडते त्यांच्यासाठी. कायदा आणि यंत्रणा आपल्याकडे आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणे आली, जिल्ह्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले, पुढे गावोगावी 'आपदा मित्र' तयार झाले. तालमीही होतात. त्या कमी होतात, अशी माझी तक्रार नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. तालमीत माणूस जे प्रत्यक्ष करतो तेच शिकतो; भाषणात जे ऐकतो ते घरी जाईपर्यंत विसरतो. त्यामुळे आयोजकांच्या सोयीने बेतलेली तालीम नुसती वाया जात नाही, ती माणसांना चुकीचे वळण लावते, आणि प्रसंगी ते वळण जिवावर बेतते. तालीम चांगली झाली की वाईट, हे ठरवायला मला एकच कसोटी पटते: तिने कोणते दोष उघडे पाडले आणि पुढच्या तालमीपर्यंत त्यांतले किती दूर झाले. हजेरीपट, छायाचित्रे आणि 'यशस्वीरीत्या पार पडली' हा शेरा यांतून त्यातले काहीच कळत नाही.

सोयीची तालीम जीव घेऊ शकते, हे विधान कुणाला अतिशयोक्त वाटेल. म्हणून जपानचे एक उदाहरण जरा तपशिलात पाहू. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर कामाइशी नावाचे शहर आहे आणि त्यात उनोसुमाई नावाचा भाग. १८९६ आणि १९३३ साली या किनाऱ्याने मोठ्या त्सुनामी पाहिलेल्या. त्यामुळे तालीम ही तिथे काही नवी गोष्ट नव्हती. त्सुनामी आली तर लोकांनी उंचावरच्या ठरलेल्या जागी जायचे, असा नियम. पण चढण वृद्धांना झेपेना आणि तालमीला येणाऱ्यांची संख्या घटू लागली. २०१० साली सखल भागात, वस्तीच्या मधोमध, आपत्ती प्रतिबंध केंद्राची दुमजली नवी इमारत उभी राहिली. त्सुनामीच्या वेळी पळून येण्याची जागा म्हणून ती बांधलेली नव्हती. पाणी ओसरल्यावर बेघर झालेल्यांनी काही दिवस राहावे, हा तिचा उद्देश. तरीही तालमीपुरते तिथेच जमायचे ठरले. जवळ, सपाट, छप्पर असलेली जागा; हजेरी वाढली. ३ मार्च २०११ रोजी, १९३३ च्या त्सुनामीच्या स्मृतिदिनी, लोकांनी अशीच तालीम केली आणि ते त्या केंद्रात जमले. त्यानंतर आठच दिवसांनी, ११ मार्चला, खरी त्सुनामी आली. लोक सवयीने त्याच केंद्रात गेले. पाणी दुसऱ्या मजल्याच्या छतापर्यंत चढले आणि त्या इमारतीत दीडशेहून अधिक माणसे गेल्याचा अंदाज आहे. हे लोक बेपर्वा नव्हते, अडाणी नव्हते, उशीर करणारेही नव्हते. तालमीने जे शिकवले ते त्यांनी बिनचूक केले. केंद्राच्या नावातच 'आपत्ती प्रतिबंध' असल्यावर तिथे जाऊ नये, असे कुणाला सुचणार?

आता त्याच उनोसुमाईतली, त्याच दुपारची दुसरी गोष्ट. तिथली प्राथमिक शाळा आणि माध्यमिक शाळा शेजारी शेजारी होत्या. धोक्याच्या नकाशात दोन्ही शाळा पाणी येणाऱ्या क्षेत्राबाहेर दाखवलेल्या. गुन्मा विद्यापीठाचे तोशिताका कातादा हे प्राध्यापक त्याआधी काही वर्षे कामाइशीच्या शाळांबरोबर काम करत होते, आणि त्यांचा पहिला धडा असा होता की नकाशा हा एक अंदाज आहे, तो बघून निर्धास्त होऊ नका. त्या दिवशी भूकंप थांबताच माध्यमिकची मुले पळत सुटली. प्राथमिकची मुले आधी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेली होती. मोठी मुले पळताना दिसल्यावर तीही खाली उतरून त्यांच्या मागे निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, तेव्हा ती जागा पुरेशी सुरक्षित नाही असे ठरवून सगळे आणखी वर गेले, आणि पाणी येताना दिसताच आणखी वर. मोठ्यांनी लहानांचे हात धरले होते. सुमारे ५७० मुले वाचली. प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या मजल्यात नंतर एक मोटारगाडी अडकलेली सापडली; मुले जिथे थांबली असती तिथेच. याला पुढे 'चमत्कार' म्हटले गेले, पण मला तो शब्द गैरलागू वाटतो. मुलांनी केले ते सगळे शिकलेले होते. दोन तालमी एकाच वस्तीत झाल्या. एकीचा भर लोक येण्यावर होता, दुसरीचा भर 'ठरवले ते चुकले तर काय' या प्रश्नावर होता.

हा प्रश्न महाराष्ट्रात विचारायची गरज आहे, हे सांगायला जपानपर्यंत जायचे कारण नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकांना पावसात, अंधारात पायवाटेने चढून जावे लागले आणि यंत्रे पायथ्याशीच राहिली. यादी करणाऱ्यांना दोष देऊन हा विषय संपत नाही. कोणतीही यादी कुठेतरी अपुरीच असणार. पण आपल्या तालमी यादीतल्याच गावात, गाडी जाते तिथेच आणि यंत्र पोचते असे धरूनच होतात, हे मात्र आपल्या हातातले आहे. माळीणची गोष्ट याहून बोलकी आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी दीडशेच्या आसपास माणसांसह हे गाव दरडीखाली गाडले गेले आणि बाहेरच्या जगाला ते पहिल्यांदा कळले ते एसटीच्या चालकामुळे. रोजच्या फेरीला गेलेल्या त्या माणसाला समोर गावच दिसेना. आपत्तीची पहिली खबर नियंत्रण कक्षाच्या फोनवरून येते, असे प्रत्येक आराखडा गृहीत धरतो. त्या चालकाने कुणाला फोन करायचा, रेंज नसेल तर गाडी कुठवर मागे न्यायची, हे कोणत्या तालमीत आले आहे?

वेळेचेही तसेच. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. भोपाळचा वायू २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री सुटला. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी दहा नवजात बालके दगावली ती आग मध्यरात्रीनंतरची. तालमी मात्र सकाळी अकराला होतात, चहा झाल्यावर, प्रमुख पाहुणे आल्यावर. रात्री दोन वाजता वॉर्डात किती परिचारिका असतात, शाळेची किल्ली कुणाच्या घरी असते, सोसायटीचा रखवालदार लिफ्ट बंद करायला शिकलेला आहे का, हे अकराच्या तालमीत कळणे शक्यच नाही. प्रत्येक तालीम रात्री घ्या, असे कुणी म्हणणार नाही; पण दहा तालमींत एक रात्रीची असावी आणि उरलेल्या नवांच्या अहवालात 'रात्री असते तर' असा रकाना असावा, एवढे तर जमण्यासारखे आहे.

तालमीतून नकळत काय शिकवले जाते याचे एक अगदी घरगुती उदाहरण आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने मोबाइलवर आणीबाणीच्या इशाऱ्याच्या चाचण्या घेतल्या. फोन एकदम किंचाळला, पडद्यावर मजकूर आला, आणि मजकुराचा आशय असा की ही चाचणी आहे, तुम्हाला काही करायचे नाही, दुर्लक्ष करा. तांत्रिक चाचणी म्हणून ते रास्तच होते. संदेश पोचतो का हेच पाहायचे होते. पण कोट्यवधी लोकांनी तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो 'दुर्लक्ष करा' या सूचनेसह. त्याच संदेशात, असा आवाज खरोखर आला तर पुढे काय करायचे, याची एक ओळ घालता आली असती. ७ मे २०२५ च्या 'ऑपरेशन अभ्यास'च्या वेळी देशभरात भोंगे वाजले, काही ठिकाणी दिवे घालवले गेले. त्यातही भोंगा वाजतो का हे तपासणे सोपे होते आणि भोंगा ऐकून माणूस काय करतो हे तपासणे अवघड. अवघड गोष्ट मोजली नाही तर सोपी गोष्टच उद्दिष्ट होऊन बसते.

भोंग्याचा सर्वांत कडू धडा भोपाळचाच. त्या रात्री कारखान्यातले कामगार वाऱ्याचा रोख पाहून पळाले, कारण ते त्यांना शिकवलेले होते. भिंतीपलीकडच्या वस्तीला काहीच ठाऊक नव्हते. सार्वजनिक भोंगा सुरुवातीला थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. आणि तो वाजत राहिला असता तरी ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ कुठे माहीत होता? ओला कपडा नाकातोंडावर धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, एवढी दोन वाक्ये अनेकांना उपयोगी पडली असती. लोक वायूबरोबरच धावले. या दुर्घटनेनंतर १९८९ साली घातक रसायनांविषयीचे नियम आले. कारखान्याच्या आतल्या आपत्कालीन आराखड्याची तालीम दर सहा महिन्यांनी आणि बाहेरच्या परिसराच्या आराखड्याची वर्षातून एकदा तरी घ्यावी, असे त्यांत आहे. आतली तालीम सोपी, कारण तिथे फाटक आहे, हजेरी आहे, गणवेश आहे. बाहेरच्या तालमीत मात्र अनेकदा अधिकारी, अग्निशमन दल आणि कंपन्यांचे सुरक्षा अधिकारीच असतात. महाड, रसायनी, डोंबिवली, तारापूर अशा पट्ट्यांत कारखान्याच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या घरांतल्या बाईला आज वारा कुठून वाहतो हे बघायची सवय लागली का, हाच त्या तालमीचा खरा निकाल.

मग आखणी कुठून सुरू करावी? या पुस्तकाने मूल्यमापनाचे प्रकरण आखणीच्या आधी ठेवले आहे आणि मला तो क्रम मनापासून पटतो. काय तपासायचे हे आधी ठरले नाही तर तालीम म्हणजे नुसती मिरवणूक होते. 'विविध यंत्रणांमधील समन्वय वाढवणे' हे उद्दिष्ट कागदावर शोभते, पण ते कधी फसूच शकत नाही. आणि जे फसू शकत नाही ते तपासताही येत नाही. उलट 'निरोप मिळाल्यापासून चाळीस मिनिटांत वाडीतली अंथरुणाला खिळलेली सर्व माणसे शाळेच्या वरच्या मजल्यावर पोचतील' हे उद्दिष्ट सरळ सरळ फसू शकते, म्हणून ते चांगले. ते लिहिताक्षणी प्रश्न सुरू होतात. अंथरुणाला खिळलेली माणसे किती आणि कोणत्या घरांत? ही यादी आशाताईंच्या वहीत असते, तलाठ्याच्या नव्हे. त्यांना उचलणार कोण, खाटेसकट की खुर्चीवर? शाळेच्या वरच्या मजल्यावर स्वच्छतागृह आहे का? तालमीचा निम्मा फायदा असा ती होण्याआधीच पदरात पडतो.

त्यासाठी दर वेळी होड्या आणि हेलिकॉप्टर लागत नाहीत. सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित प्रकार म्हणजे टेबलाभोवतीची तालीम. कृष्णाकाठच्या एखाद्या गावाचा हाताने काढलेला मोठा नकाशा जमिनीवर पसरायचा, भोवती सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीचा कर्मचारी, दूध संस्थेचा सचिव, बचत गटाच्या बायका, होडीवाला यांनी बसायचे, आणि एकाने एकेक चिठ्ठी वाचायची. पहिली चिठ्ठी: धरणातून विसर्ग वाढवला, पाणी रात्रीत चढणार. दुसरी: वीज गेली, टॉवर बंद. तिसरी: शाळेची किल्ली असलेले गुरुजी तालुक्याला अडकले. चौथी: बारा घरांतली माणसे जनावरे सोडून निघायला तयार नाहीत. या चौथ्या चिठ्ठीवर खोली तापते, आणि तापावी. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडची कितीतरी कुटुंबे गोठ्यातल्या म्हशींपायी मागे राहिली. म्हैस म्हणजे त्या घराचा महिन्याचा पगार. तिला सोडून चला, असे सांगणारा आराखडा ऐकला जाणार नाही. जनावरे आधी, दिवसाउजेडी, कोणत्या माळावर न्यायची आणि चाऱ्याचे काय, हे ठरले तर माणसे आपोआप निघतात. त्याच वर्षी ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि पंधराहून अधिक माणसे बुडाली. क्षमतेपेक्षा जास्त माणसे आणि अपुरी साधने, असे नंतर म्हटले गेले. होडीत किती बसायचे, काठावर उभे राहून मोजणार कोण, आणि घाबरलेल्या गर्दीला 'पुढच्या फेरीला' असे सांगायचा अधिकार कुणाला, हे प्रश्न पाणी दाराशी आल्यावर सोडवता येत नाहीत. कोरड्या जमिनीवर, एप्रिलमध्ये, खडूने होडीचा आकार आखून त्यात माणसे उभी केली तरी बरेच काही उमगते.

मूल्यमापनाकडे येऊ, कारण अडचण खरी तिथे आहे. दोष सापडणे पुरेसे नसते, याचा धडा न्यू ऑर्लिन्सने दिला. जुलै २००४ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात 'हरिकेन पॅम' नावाच्या काल्पनिक वादळावर शेकडो अधिकाऱ्यांनी काही दिवस बसून तालीम केली. बांधांवरून पाणी शहरात शिरेल, स्वतःचे वाहन नसलेले लाखभर लोक मागे अडकतील, हजारो मृत्यू होतील, असे सगळे त्या कागदांत होते. पुढच्या बैठका पैशांअभावी लांबल्या, आराखडा अर्धवट राहिला. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना आले आणि कागदातली बरीच वाक्ये खरी ठरली. वाहन नसलेल्यांसाठी पुरेशा बसगाड्या तेव्हाही नव्हत्या. इतकी नेमकी तालीम क्वचित होते आणि इतकी व्यर्थही. म्हणून दोषांची यादी करताना प्रत्येकासमोर तीन गोष्टी हव्यात: दुरुस्ती कोण करणार, कधीपर्यंत, आणि पैसा कोणत्या शीर्षातून. तिसरा रकाना रिकामा असेल तर पहिल्या दोन रकान्यांना अर्थ नाही.

आपल्याकडची अडचण त्याही आधीची आहे. आपल्या प्रशासनात 'त्रुटी' लेखी आली की मागोमाग खुलासा मागवला जातो आणि नंतर कारणे दाखवा नोटीस. अशा वातावरणात कोणता तहसीलदार लिहील की वायरलेस सेट चार्ज नव्हता? अहवाल निर्दोष निघतात, कारण दोष लिहिणे धोक्याचे असते. यावर उपाय म्हणजे तालमीतला दोष आणि कर्तव्यातली कसूर यांची फारकत, आणि ती वरिष्ठांनी लेखी आदेशाने जाहीर करायला हवी. अमेरिकी लष्कराने प्रशिक्षणानंतरच्या आढाव्याची जी पद्धत रुजवली तिचा गाभाही हाच: काय ठरले होते, काय घडले, फरक का पडला, पुढे काय बदलायचे; आणि या बैठकीत हुद्दे बाजूला. आणखी एक साधी युक्ती या पुस्तकात सुचवली आहे, ती मला फार आवडली. निरीक्षक शेजारच्या गावचे नेमायचे. त्यांनी तालमीत हात घालायचा नाही, फक्त घड्याळ आणि वही घेऊन उभे राहायचे: निरोप कधी निघाला, पहिले दार कधी वाजले, शेवटचे माणूस कधी पोचले, कोण आलेच नाही. पुढच्या महिन्यात हे गाव त्यांच्याकडे निरीक्षक पाठवते. आपणही उद्या वहीत येणार आहोत हे ठाऊक असल्याने टीका आपोआप सभ्य राहते आणि खरीही.

आता आक्षेप. सर्वांत जुना आक्षेप असा की तालमींनी लोक घाबरतात, पळापळ होते. एन्रिको क्वारांटेली आणि त्यांच्या डिझास्टर रिसर्च सेंटरने १९६३ पासून केलेल्या अभ्यासांचा निष्कर्ष वेगळा आहे: आपत्तीत आंधळी पळापळ क्वचित होते, नेहमीचा धोका असतो तो माणसे जागची हलत नाहीत हा. शेजाऱ्याला विचारतात, गॅलरीतून बघतात, कागदपत्रे शोधतात आणि वेळ घालवतात. मात्र या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, आणि तो बेसावध तालमीबद्दल आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाईमध्ये क्षेपणास्त्र येत असल्याचा संदेश सगळ्या फोनवर गेला आणि खुलासा यायला ३८ मिनिटे लागली. कारण होते कर्मचाऱ्यांची पाळी बदलताना घेतलेली अघोषित तालीम. तिच्या मजकुरात 'हा सराव आहे' असेही होते आणि 'हा सराव नव्हे' असेही. म्हणून लोकांना तालमीची तारीख आधी सांगावी, मजकूर दोघांनी तपासावा, आणि तालीम चालू असताना खरीच दुर्घटना घडली तर सगळ्यांना थांबवणारा एक शब्द आधी ठरवावा. अनपेक्षित असावे ते तालमीच्या आतले प्रसंग. मंदिरात, यात्रेत, रेल्वेच्या पुलावर न सांगता धावपळ घडवणे तर सरळ बेजबाबदारपणाचे आहे; मांढरदेवी आणि प्रभादेवीच्या चेंगराचेंगरीनंतर तरी हे वेगळे सांगावे लागू नये.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. आम्ही २००५ चा पूर पाहिला, आम्हाला तालीम कशाला? अनुभव मोलाचा खराच, पण अनुभवाला खूण असते. २०१९ मध्ये पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून चढत राहिली तेव्हा कितीतरी घरांत २००५ ची खूण पाहून सामान तिच्यावर रचले गेले होते, आणि पाणी त्या खुणेच्याही वर गेले. अनुभव मागचा पूर शिकवतो; पुढचा पूर शिकवायला कल्पनाच लागते, आणि तालीम म्हणजे शिस्तीत बसवलेली कल्पना.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तालमींनी खरोखर जीव वाचतात याला पुरावा काय? प्रामाणिक उत्तर असे की हा परिणाम सुटा काढून दाखवणे कठीण आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. ऑक्टोबर २०१३ च्या फायलिन चक्रीवादळात दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि मृत्यूंची संख्या दोन अंकी राहिली. या फरकामागे निवारे आहेत, हवामान खात्याचे सुधारलेले अंदाज आहेत, रस्ते आहेत, राजकीय इच्छाशक्ती आहे. निवाऱ्यांची दारे उघडणे, दोर बांधणे, वृद्धांना आणणे यांचा पावसाळ्याआधीचा सरावही आहे. त्यातला तालमीचा वाटा किती, हे आकड्यात सांगता येत नाही. पण इतके म्हणता येते की निवारा असून त्याची वाट पायाखालची नसेल तर तो कामी येत नाही, आणि वाट पायाखालची करण्याचा दुसरा मार्ग कुणी दाखवलेला नाही.

राहिला प्रश्न वेळेचा आणि पैशाचा. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यावर आधीच इतकी कामे आहेत की आणखी एक अहवाल म्हटल्यावर तो हात जोडतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. त्यावर या पुस्तकाचा तोडगा व्यवहारी आहे: वर्षातून एक मोठी तालीम करण्यापेक्षा दोन-तीन तासांच्या छोट्या तालमी, प्रत्येकीत एकच प्रश्न, एकाच पानाची नोंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये नकाशावरची तालीम, एप्रिलमध्ये प्रत्यक्ष चालून पाहणे, आणि सापडलेले दोष १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवणे, म्हणजे पावसाळ्याआधी महिनाभर हातात राहतो. दोष चारचौघांत वाचले तर लोकांचा विश्वास उडेल, अशी भीती सरपंचांना वाटते. पण शाळेची किल्ली मिळाली नाही हे गावाला आधीच ठाऊक असते. सभेत कळते ते इतकेच की ते पंचायतीलाही ठाऊक आहे आणि दुसरी किल्ली कुणाकडे ठेवली आहे. ग्रामसभेच्या इतिवृत्तात ही यादी गेली की ती पुढच्या वर्षी कुणालाही काढून बघता येते. लागोपाठ दोन वर्षे तोच दोष तसाच दिसला, तर तिसऱ्या वर्षीची तालीम खुशाल रद्द करावी आणि तिच्या मंडपाच्या, फ्लेक्सच्या, चहापाण्याच्या पैशांत जीवरक्षक जॅकेट आणि दोरखंड घ्यावेत.